रस्त्यावर ४१ मिनिटं, शिवारात ४४:३०: आंतरविद्यापीठ क्रॉस कंट्रीच्या आधीचे सहा आठवडे

शहादा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीनं विचारलंय: “मॅडम, विद्यापीठाच्या निवड चाचणीतून माझी क्रॉस कंट्रीच्या संघात निवड झाली. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला सहा आठवडे उरलेत, परिपत्रकात मुलींनाही १० कि.मी. आहे. डांबरी रस्त्यावर माझे १० कि.मी. ४१ मिनिटांत होतात, पण निवड चाचणीत मातीच्या मार्गावर ४४:३० लागले. पहिला किलोमीटर ३:४५ ला गेला, पाच कि.मी. २१:०५ ला, मग पायच उचलेनात. रोज पहाटे पोलीस भरतीच्या मुलांबरोबर १० कि.मी. पळते. आता रोज १५ करू का? आणि स्पाइक (तळाला खिळे असलेले बूट) घेऊ का?”

आधी अभिनंदन. जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांच्या महाविद्यालयांतून विद्यापीठाच्या संघात येणं ही लहान गोष्ट नाही. आता तुझेच आकडे मांडून बघू, कारण उत्तर त्यातच आहे. पहिले पाच किलोमीटर २१:०५, नंतरचे पाच २३:२५. दुसऱ्या अर्ध्यात दोन मिनिटं वीस सेकंद जास्त गेली. पहिला किलोमीटर बाजूला ठेवला तर दोन ते पाच हे किलोमीटर सरासरी ४:२० ला झाले आणि शेवटचे पाच ४:४१ ला. रस्त्यावर तुझी सरासरी ४:०६ आहे. माती, वळणं आणि छोटे चढ आले की किलोमीटरमागे १०-१५ सेकंद जातातच, चिखल असेल तर त्याहून जास्त. तेवढं धरलं तर त्या मार्गावर तुझी ऐपत ४:१८ च्या आसपास, म्हणजे ४३ मिनिटांची होती. उरलेलं दीड मिनिट सुरुवातीच्या ३:४५ नं खाल्लं.

तेव्हा अंतराची कमतरता हा तुझा प्रश्न नाही. रोज १० पळणाऱ्या मुलीला १० कि.मी. पुरवायचा दम असतो. तुझे प्रश्न दोन आहेत: सुरुवात, आणि मऊ-उंचसखल जमिनीवर पायांची ताकद. यातल्या एकावरही रोजच्या १५ कि.मी.चा इलाज चालत नाही. आठवड्याच्या ७० वरून एकदम १०५ वर गेलीस तर तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागेल आणि उरलेले तीन आठवडे बर्फ लावण्यात जातील. हे फार मुलामुलींचं होतं आणि नेमकं निवड झाल्यावरच होतं, कारण उत्साह तेव्हाच सगळ्यात जास्त असतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आत्ताच सांगते. स्पर्धेचा मार्ग कसा आहे यावर बरंच ठरेल. आपल्याकडे ही स्पर्धा कधी विद्यापीठाच्या आवारातल्या डांबरी रस्त्यांवरच जास्त होते, कधी खरोखरच्या मातीत आणि गवतात. ठिकाण दक्षिणेत किनारपट्टीला असेल तर दमट हवा, उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत असेल तर कडाक्याची थंडी आणि धुकं. तुझी सत्र परीक्षा या सहा आठवड्यांत येते का, पळायला सोबत कोण आहे, रक्ताची तपासणी झालेली आहे का, यानुसारही खालचं वेळापत्रक हलवावं लागेल.

आता आधी गुणांचं गणित समजून घे, कारण त्यावरच शर्यत कशी पळायची ते ठरतं. क्रॉस कंट्रीत सांघिक निकाल वेळेवर लागत नाही, क्रमांकांवर लागतो. संघातल्या ठरावीक धावपटूंचे क्रमांक मिळवायचे, ज्याची बेरीज सर्वात कमी तो संघ पुढे. किती जणांचे क्रमांक धरायचे हे स्पर्धेच्या नियमांत दिलेलं असतं. जागतिक क्रॉस कंट्रीत वरिष्ठ गटात सहा जण पळतात आणि चौघांचे धरतात. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सात पळतात, पाच धरतात. सहाव्या-सातव्याचे गुण संघाला मिळत नसले तरी त्यांनी समोरच्या संघाच्या धावपटूला मागे टाकलं की त्या संघाची बेरीज वाढते. तुमच्या परिपत्रकात काय आहे ते संघ व्यवस्थापकांना विचारून ठेव.

उदाहरण घे. चौघी धरल्या जातात आणि एका संघाच्या मुली ३, १२, ४० आणि ९५ व्या आल्या, तर बेरीज १५०. दुसऱ्या संघाच्या २२, ३०, ३६ आणि ४४ व्या आल्या, तर १३२. पहिल्या संघात पदकाची मुलगी आहे, तरी दुसरा संघ पुढे. ९५ व्या मुलीनं शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये वीस जणींना गाठलं असतं तर निकाल फिरला असता. आणि वीस हा आकडा वाटतो तेवढा मोठा नाही. मधल्या घोळक्यात मुली इतक्या दाटीनं पळत असतात की दहा-पंधरा सेकंदांत आठ-दहा क्रमांक जातात किंवा येतात. तू पाचव्या किलोमीटरनंतर ४:४१ वर घसरलीस, तेव्हा तुझ्या शेजारून किती जणी गेल्या ते आठव. त्या सगळ्या जणी म्हणजे संघाच्या बेरजेत पडलेले आकडे. म्हणून मैदानावर घड्याळाकडे कमी आणि पुढच्या पाठीकडे जास्त बघायचं.

सुरुवात ३:४५ ला का गेली, याचं कारण तू स्वतःच लिहिलं आहेस. भरतीची मुलं १६०० मीटरची तयारी करतात. त्यांचं पळणं पहिल्या पावलापासून जोरात असतं, आणि ते बरोबरच आहे, कारण त्यांची परीक्षा १६०० मीटरलाच संपते. रोज त्यांच्या मागे पळून तुझ्या पायांना तोच वेग ‘सुरुवात’ म्हणून पाठ झाला आहे. त्यांची सोबत सोडू नकोस. पहाटेच्या अंधारात एकटीनं शिवारात जाण्यापेक्षा ती सोबत मोलाची आहे. फक्त पहिले दोन किलोमीटर त्यांना पुढे जाऊ दे.

आता आठवडा कसा लावायचा. दोन कठीण दिवस, एक लांब पल्ला, बाकी हलकं, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. मी साधारण असं देते: सोमवारी सुट्टी. मंगळवारी चढ, पुढच्या आठवड्यांत त्याच दिवशी १०००-१००० मीटर. बुधवारी १० कि.मी. हलके, गुरुवारी ८ हलके. शुक्रवारी शिवारातली फेरी. शनिवारी ८ हलके आणि शेवटी ८० मीटरचे सहा मोकळे वेग, म्हणजे अंग न आवळता वेगानं काढलेल्या छोट्या धावा. रविवारी १४-१५ कि.मी. माती-गवताच्या वाटेनं. बेरीज साठ-बासष्ट येते, आजच्यापेक्षा कमीच. हलकं म्हणजे ५:२० ते ५:४० चा किलोमीटर, शेजारणीशी अख्खं वाक्य बोलता येईल असं. तू आत्ता रोजचे दहा बहुधा ४:५० च्या आसपास पळत असशील. हा वेग हलका नाही आणि जोराचाही नाही. पाय रोज थोडे थकलेले राहतात आणि कठीण दिवशी त्यांच्याकडून काम होत नाही. तुझ्या वेळापत्रकातला सगळ्यात मोठा बदल हाच असेल आणि पाळायला सगळ्यात अवघडही हाच जाईल. पहिला आठवडा आपण मागे पडतोय असं वाटेल. पडत नाहीस.

मंगळवारचा चढ. शहाद्याकडे जमीन सपाट, पण कालव्याचा भराव, गोमाईचा काठ, पुलाकडे चढत जाणारा रस्ता अशा जागा सापडतात. साठ सेकंद पळायला पुरेल एवढा आणि सायकलवाला उभा राहून पेडल मारेल इतका उतार बघ. पहिले दोन आठवडे साठ सेकंदांचे आठ चढ, चालत खाली यायचं. आखूड पावलं, गुडघा समोर, हात मागे जोरात, नजर पाच-सहा मीटर पुढे. माथा आला की थांबायचं नाही. माथ्यावरून पुढे वीस पावलं त्याच जोरात काढायची. शर्यतीत बहुतेक मुली माथ्यावर श्वास घ्यायला सैल पडतात, तिथे फुकट दोन-तीन जणी मागे पडतात. तिसऱ्या आठवड्यापासून मंगळवारी एकदा दहा चढ, एकदा पाच ते सहा वेळा १००० मीटर गवतावर किंवा गाडवाटेवर, ४:१० ते ४:१५ ला, मध्ये दोन मिनिटं हळू धाव.

तोरणमाळला चार दिवस राहून सराव करू का, असं तुझ्या भागातली बरीच मुलं विचारतात, म्हणून इथंच सांगते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. विरळ हवेचा म्हणून जो फायदा सांगतात, तो दोन हजार मीटरच्या पुढे आणि तीन-चार आठवडे राहिल्यावर दिसायला लागतो. तेव्हा हवेसाठी जाऊ नकोस. एखाद्या रविवारी तिथल्या चढउतारांसाठी जरूर जा, पठारावर पळायला फार छान आहे. घाट उतरताना मात्र गाडीत बसून ये. डांबरी उतारावर पाच-सात किलोमीटर पळून मांड्या अशा धरतात की पुढचे चार दिवस फुकट जातात.

शुक्रवारची फेरी हा या सगळ्याचा गाभा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत क्रॉस कंट्रीचा मार्ग दीड ते दोन किलोमीटरच्या फेरीचा असतो. तशीच दोनेक किलोमीटरची फेरी गावाजवळ आखून घे, मोबाईलवर मोजली तरी चालेल. तिच्यात थोडं डांबर, थोडी गाडवाट, एक पडीक किंवा कापणी झालेलं रान, एक बांध चढून उतरणं आणि निदान चार काटकोनी वळणं असू देत. पहिल्या आठवड्यात या फेरीवर ८ मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये दोन मिनिटं हळू. दुसऱ्यात १० मिनिटांचे तीन. तिसऱ्या-चौथ्यात दोन-दोन किलोमीटरच्या चार फेऱ्या, मध्ये दीड मिनिट. पाचव्या आठवड्यात ५ कि.मी. सलग, शर्यतीच्या जोरानं.

वेग किती ठेवायचा? फेरीवर किलोमीटरचा वेळ पकडायला जाऊ नकोस. मऊ रानात जो जोर लावून ४:३० येतात, त्याच जोरात डांबरावर ४:०८ येतील. जोर सारखा ठेवायचा, वेग जमिनीनुसार बदलू द्यायचा. मऊ जमिनीवर पाय थोडा खचतो, तो परत उचलायला पोटरी, मांडीचा मागचा भाग आणि कमरेचे स्नायू लागतात. डांबर जे परत देतं ते माती देत नाही. तिथे लांब पाऊल टाकलं की प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. म्हणून मऊ जागेत पाऊल आखूड कर आणि पावलांची गती टिकव. वळणावर बाहेरून येऊन आतल्या कोपऱ्याला लागून जा आणि वळण संपल्याबरोबर दहा पावलं जोरात टाक. दोन किलोमीटरच्या फेरीत चार वळणं धरली तर दहा किलोमीटरमध्ये वीस होतात. प्रत्येक वळणानंतर जी मुलगी एक सेकंद उशिरा वेग पकडते ती वीस सेकंद तिथेच देऊन येते.

याच फेरीवर सुरुवातीचा सराव कर, चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात दोनदा. २०० मीटर जोरात, लगेच न थांबता पाच मिनिटं ४:१५ च्या जोरावर. मग तीन मिनिटं चालायचं. असं चार वेळा. पहिल्या वेळी पाच मिनिटं छळतील, चौथ्या वेळेपर्यंत वेग सोडायचा कसा हे पायांना कळायला लागतं.

जमिनीबद्दल दोन शब्द, कारण आपली काळी कापसाची जमीन या खेळाला चांगली पण खोडकर आहे. ओली असली की बुटाला थर चढत जातो, पाय जड होतो. त्यात कठीण सराव करू नको, त्या दिवशी मुरमाची वाट धर. सुकली की भेगा पडतात. गवतानं झाकलेली भेग दिसत नाही आणि घोटा तिथेच मुरगळतो. नवीन रानात पळण्याआधी एकदा पूर्ण चालून बघ. नांगरलेल्या ढेकळांत पळायचं नाही. कपाशी उपटून झालेल्या रानात पऱ्हाटीची खुंटं राहिलेली असतात, ती बुटाच्या तळातूनही लागतात. केळीच्या बागेच्या कडेनं जाताना ठिबकच्या नळ्यांत पाय अडकतो. मूग-उडीद किंवा सोयाबीन निघालेलं रान सगळ्यात बरं, पण हरभरा-गहू-दादरची पेरणी झाली की ते गेलं. मग गायरान, पांदण रस्ता आणि कालव्याचा भराव. रान कुणाचंही असो, शेतकरीदादाला विचारूनच जायचं. विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात, आणि कुठे विहीर आहे, कुठे तार आहे तेही सांगतात.

नदीच्या वाळूत अनवाणी पळण्याचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. वाळूत दहा मिनिटं, बूट घालून, आठवड्यातून एकदा, एवढं पुरे. जास्त केलं की टाचेच्या वरची मोठी शीर धरते आणि ती लवकर सुटत नाही. अनवाणी तर नकोच. सराटे आणि बाभळीचे काटे आपल्याकडे कुठे नाहीत!

ताकदीसाठी जिमची गरज नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी पळून झाल्यावर वीस मिनिटं घराच्या ओट्यावर काढ. पायरीच्या कडेवर एका पायावर टाच खाली-वर, प्रत्येक पायाला १५ चे तीन. ओट्यावर एक पाय ठेवून चढणं-उतरणं, १० चे तीन. लंजेस, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं, १० चे तीन. कुशीवरचा प्लँक ४० सेकंद, दोन्ही बाजूंनी दोनदा. शेवटी डोळे मिटून एका पायावर ३० सेकंद उभं राहणं. हे शेवटचं मुली हसण्यावारी नेतात, पण खड्ड्यात पाय वाकडा पडल्यावर घोटा सावरतो तो यामुळेच. शेवटच्या दहा दिवसांत हे निम्मं कर, शेवटचे चार दिवस बंद.

आता रक्ताचं. हे मी स्पाइकच्या आधी लिहितेय, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. “पाचव्या किलोमीटरनंतर पायच उचलेनात” याचं कारण वेगवान सुरुवात हेच बहुधा आहे, पण हिमोग्लोबिन कमी असलं तरी मुली अगदी याच शब्दांत सांगतात. याच आठवड्यात तपासून घे. मुलींमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. जमलं तर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघ. हिमोग्लोबिन ठीक असून लोहाचा साठा रिकामा असतो असं धावणाऱ्या मुलींमध्ये खूप दिसतं. सोबत सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची, चाचणीही कर. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारपासून शिरपूर, चोपडा, यावलपर्यंत, हा आजार आहे आणि सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी होते. वाहक असलीस तर पळणं बंद करायची गरज नसते, पण पाणी कमी पडू द्यायचं नाही, उन्हात कठीण सराव करायचा नाही, आणि पळताना पाय एकदम लुळे पडल्यासारखे वाटले तर ‘अजून थोडं’ न म्हणता तिथेच थांबून सोबतच्यांना सांगायचं. आजारच असेल तर पुढचं सगळं डॉक्टर ठरवतील. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. जेवणावर लगेच चहा घेत असशील तर तो तासभर पुढे ढकल, चहामुळे अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळ. आणि पाळी दोन-तीन महिने चुकली असेल तर ‘सरावामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नकोस. जेवण कमी पडतंय याची ती खूण असते, आणि हाडाला चीर जाण्याची सुरुवात तिथूनच होते.

स्पाइक घ्यायचे का? मार्ग बघून. निम्म्याहून जास्त डांबर असेल तर घेऊ नकोस. तिथे स्पाइक घसरतात आणि पोटऱ्या फोडतात. चांगली पकड असलेला हलका, सपाट बूट तिथे बरा. माती-गवत असेल तर क्रॉस कंट्रीचे स्पाइक नक्की उपयोगी. कडक कोरड्या जमिनीवर ६ मि.मी. चे खिळे, मऊ गवतावर ९, चिखलात १२ ते १५. सिंथेटिक ट्रॅकवर ९ मि.मी. पर्यंतच चालतात, त्यामुळे १२ चे लावून विद्यापीठाच्या ट्रॅकवर सराव करायला जाऊ नको. घ्यायचे असतील तर आत्ताच घे. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी हातात नसतील तर या वर्षी विसर. पहिल्यांदा घालून फक्त ८० मीटरचे वेग, दुसऱ्यांदा १००० चे दोन, मग एका शुक्रवारी अर्धी फेरी. टाच खाली असल्यामुळे पोटरी ओढते, तिला सवयीला वेळ लागतो. खिळे बसवण्याआधी भोकांतली माती काडीनं काढ, आट्यांना थोडं व्हॅसलीन लाव आणि चावीनं घट्ट आवळ, नाहीतर चिखलात खिळा निघून पडतो आणि भोकात माती भरून बसते. चावी आणि जास्तीचे सहा खिळे पिशवीत असू देत. लेस दुहेरी गाठ मारून वरून चिकटपट्टी लावायची. चिखलात बूट निघून मागे राहिलेल्या मुली दर वर्षी दिसतात.

इथपर्यंतचं मनात पक्कं कर: पहिला किलोमीटर आवरायचा, हलके दिवस खरोखर हलके ठेवायचे, आठवड्यातून दोनदा जमीन आणि चढ, रक्त याच आठवड्यात. पाच आठवडे एवढंच. सहाव्या आठवड्यात नवीन काहीही नाही. शेवटच्या आठ-दहा दिवसांत अंतर तीस-चाळीस टक्क्यांनी उतरव, पण वेग पूर्ण सोडू नको. स्पर्धेच्या चार दिवस आधी १००० चे तीन, शर्यतीच्या जोरानं, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. पाय वळवळायला लागतील, काहीतरी जोरात करावंसं वाटेल. ती ताकद शर्यतीसाठी साठलेली आहे, तिथेच खर्च कर.

प्रवास हा आपल्या मुलींचा मोठा तोटा असतो. जळगाव-भुसावळहून गाडीत बसून दीड दिवस लागू शकतो. दर दोन तासांनी उठून डब्यात चाल, मोठ्या स्टेशनवर खाली उतरून पोटऱ्या ताण, पाण्याची बाटली स्वतःची. खायला घरच्या दशम्या, शेंगदाणा-गुळाचे लाडू, थोडी कच्चट केळी घे, म्हणजे ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरोबर पिकतात. फलाटावरचं तळलेलं नको. पोहोचल्यावर तीस मिनिटं हळू धाव, झोपण्याआधी.

आदल्या दिवशी मार्ग पूर्ण चालून बघ, संघातल्या सगळ्यांनी मिळून. वळणं कुठे अरुंद होतात, चढाचा माथा कुठे, शेवटचे चारशे मीटर कुठल्या खुणेपासून सुरू होतात, झाड असो की पाण्याची टाकी, खूण ठरवून ठेव. आदल्या रात्री वरण-भात किंवा खिचडी. शेवभाजी, ठेचा, भरीत परत आल्यावर. भाकरी चांगलीच, पण तंतूमय असल्यानं शर्यतीच्या सकाळी पोटात हलते. सकाळी शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी दोन केळी आणि ब्रेड-जाम किंवा वाटीभर पोहे, चहाची सवय असेल तर अर्धा कप. शेवटच्या तासात घोट-घोट पाणी. उन्हाला हलकं घेऊ नको: १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये क्रॉस कंट्री इतक्या उन्हात झाली की ३८ पैकी १५ च जण शेवटपर्यंत पोहोचले, आणि नंतर हा प्रकार ऑलिम्पिकमधून निघूनच गेला. दमट ठिकाण असेल तर पहिले दोन किलोमीटर आणखी पाच-पाच सेकंद हळू.

सुरुवातीच्या चाळीस मिनिटं आधी तयारीला लाग. १२-१५ मिनिटं हळू धाव, थोडे ड्रिल, ८० मीटरचे चार वेग. थंडी असेल तर स्वेटर शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत अंगावर. क्रॉस कंट्रीत प्रत्येक संघाला सुरुवातीच्या रेषेवर एक कप्पा मिळतो आणि संघातल्या मुली एकामागे एक उभ्या राहतात. सर्वात वेगवान पुढे, हे आधीच ठरवा, तिथे वाद नको. पाच, तीन आणि एक मिनिट उरल्याची सूचना देतात. मग ‘ऑन युअर मार्क्स’ आणि गोळी, मध्ये ‘सेट’ नसतं.

गोळी झाली की पहिले २०० मीटर जोरात, कोपर थोडी बाहेर, पडणाऱ्यांपासून सावध. मार्ग अरुंद होण्याआधी मधल्या गटात जागा पकड आणि लगेच वेग सोड. पहिला किलोमीटर ४:१० च्या आत येता कामा नये. तुझ्या पुढे साठ-सत्तर मुली दिसतील आणि जीव घाबरेल. त्यातल्या बऱ्याच जणी ३:४५ नं गेलेल्या असतील, निवड चाचणीत तू गेली होतीस तशाच. चौथ्या किलोमीटरपासून पुढची एक पाठ निवड, तिला गाठ, तिच्यामागे दहा पावलं श्वास घे, मग पुढची. गाठताना एकदम जा, शेजारी रेंगाळू नकोस, नाहीतर ती चिकटून येते. सहा ते आठ हे किलोमीटर तुझे. तिथे फेरी पाठ झालेली असते आणि समोर थकलेल्या मुली असतात. आठनंतर ठरवलेल्या खुणेपर्यंत जोर तोच, खुणेनंतर जे आहे ते सगळं. क्रमांक छातीनं रेषा ओलांडण्यावर धरतात. रेषेच्या दोन मीटर आधी हात वर करून सैल पडणाऱ्या मुलीच्या शेजारून अजून दोघी जातात, तेव्हा रेषेच्या पलीकडे पाच पावलं जाईपर्यंत पळणं थांबवू नको.

कागदपत्रांचं फक्त एवढंच: पात्रता अर्ज, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, ओळखपत्र यांच्या मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, स्वतःच्या बॅगेत.

हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचा अहवाल आला की आकडे इथेच लिही, आणि स्पर्धेच्या ठिकाणाचं नाव व मार्ग कसा आहे हे व्यवस्थापकांना विचारून तेही टाक. पहिल्या शुक्रवारच्या तीन टप्प्यांत पाय कुठे जड झाले, रानात की वळणांनंतर, हेही कळव. त्यावरून तिसऱ्या आठवड्यापासूनचा मंगळवार चढावर ठेवायचा की १००० वर न्यायचा ते सांगते.